झोपेची गोळी एकाएकी सुटते तेव्हा

औषध जास्त झाले तर माणूस दगावतो, ही गोष्ट खेड्यापाड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. फवारणीच्या विषाचा जसा धाक, तसाच काहीसा धाक औषधाच्या बाटलीबद्दलही घरोघर असतो. पण रोज चालू असलेले औषध एका रात्रीत बंद झाले म्हणूनही माणूस मरणाच्या दारात जाऊन उभा राहतो, असे सांगितले तर चांगली शिकलीसवरलेली मंडळीही मान हलवतात. "अहो, सोडलं ते बरंच झालं की!" असे म्हणतात. आज याच गोष्टीविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

प्रथम या औषधांची ओळख करून घेऊ. रात्री झोप लागावी, मनाची घालमेल थांबावी, छातीतली धडधड शांत व्हावी म्हणून डॉक्टर काही गोळ्या लिहून देतात. जुन्या मंडळींना काम्पोज हे नाव आठवत असेल. त्यातले औषध डायझेपाम. हल्ली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही नावे चिठ्ठीवर दिसतात. केवळ झोपेसाठी झोल्पिडेम देतात. आकडी येणाऱ्या रोग्यांपैकी काहींना फेनोबार्बिटोन, म्हणजे पुष्कळांच्या तोंडी असलेली गार्डिनल, वर्षानुवर्षे चालू असते. आणखी क्लोरल हायड्रेट नावाचे एक जुने द्रव्य आहे. दवाखान्यातून ते बरेचसे मागे पडले, पण भेसळवाल्यांच्या हाती टिकून राहिले. नावे निरनिराळी, परंतु मेंदूला थंड करण्याची त्यांची रीत जवळजवळ एकच. आपण या साऱ्यांना गुंगीची औषधे म्हणू. दारूही याच गोत्रातली आहे, तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे दारू एकदम सुटलेल्या माणसालाही लागू पडते.

ही औषधे वाईट आहेत असे मात्र समजू नका. आकडी थांबवायला, धनुर्वाताच्या रोग्याचे आवळलेले अंग सैल करायला, शस्त्रक्रियेआधीची भीती घालवायला ती फार उपयोगी पडतात. चार-आठ दिवस घेतलेली गोळी सहसा त्रासावाचून सुटते. अडचण येते ती महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या गोळीची. जितकी मात्रा मोठी आणि जितके दिवस अधिक, तितका धोका जास्त. ज्याला पूर्वी आकडी येऊन गेली आहे, किंवा जो गोळीबरोबर दारूही पितो, त्याला तर विशेषच.

आता एक घडलेली हकीगत ऐका. २०१५ सालच्या सप्टेंबर महिन्याची. आपल्या नांदेड जिल्ह्यातले धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके ज्या राज्याला लागून आहेत, त्या तेलंगणात सरकारने भेसळीच्या ताडीविरुद्ध जोराची मोहीम उघडली होती. झाडे थोडी आणि पिणारे पुष्कळ, म्हणून पाण्यात नावापुरता रस आणि नशेसाठी अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेटची पूड, असा उद्योग तिकडे अनेक वर्षे चालत आलेला. पिणाऱ्याला वाटे, आपण झाडाचा रस पितो. प्रत्यक्षात तो रोज संध्याकाळी गुंगीच्या औषधाची मात्रा घेत होता. मोहिमेमुळे पूड मिळेनाशी झाली, आणि थोड्याच दिवसांत निजामाबाद, महबूबनगर या भागांतल्या सरकारी रुग्णालयांत माणसांची रीघ लागली. कोणाचे हातपाय थरथर कापत होते, कोणी आकडीने पडले होते, कोणी समोर नसलेली माणसे पाहून ओरडत होते. काहींना खाटेला बांधून ठेवावे लागले. अशा रोग्यांची संख्या शेकड्यांवर गेली. काही जण दगावल्याच्याही बातम्या आल्या.

विचार करा. यांतल्या बहुतेकांनी आपल्या समजुतीप्रमाणे एकही गोळी कधी खाल्लेली नव्हती. विष पोटात जाणे थांबले, हे चांगलेच झाले. पण इतके दिवस त्या विषाला सरावलेल्या शरीराचे काय, हा प्रश्न आधी कोणाच्या मनात आला नव्हता. सीमेपलीकडची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. क्लोरल हायड्रेट मिसळलेली ताडी आपल्या राज्यातही पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मालेगावकडे अल्प्राझोलामच्या गोळीला 'कुत्ता गोळी' असे नाव पडले आहे, मराठवाड्यात काही ठिकाणी नशेच्या गोळीला 'बटन' म्हणतात. शाळेतल्या गुरुजींनी ही दोन नावे कानात ठेवावीत. आठवी-नववीची पोरे एकमेकांत कुजबुजताना ती कधी ऐकू येतील, सांगता येत नाही.

शरीर सरावते म्हणजे काय होते? शाळेच्या मैदानावर रस्सीखेच तुम्ही पाहिली असेल. दोरी दोन्हीकडून सारख्या जोराने ओढली जात असते तोवर मधला रुमाल जागचा हलत नाही. आपल्या मेंदूतही दोन बाजू आहेत. एक बाजू चेतवणारी, दुसरी शांत करणारी. शांत करणाऱ्या बाजूचे मुख्य रसायन म्हणजे 'गाबा'. गुंगीचे औषध या गाबाच्या बाजूला चार धट्टेकट्टे गडी वाढवून देते. पहिले काही दिवस रुमाल तिकडे सरकतो, झोप येते, मन निवांत होते. पण मेंदू मोठा हिशेबी. तो चेतवणाऱ्या बाजूचाही जोर हळूहळू वाढवतो आणि शांत करणाऱ्या बाजूचे घरचे गडी सैल पडू देतो. रुमाल पुन्हा मध्यावर येतो. म्हणूनच दोन महिन्यांनी "आता एका गोळीनं भागत नाही, डॉक्टरसाहेब" अशी तक्रार सुरू होते. आता समजा, औषधाच्या त्या चार गड्यांनी एका क्षणी दोर सोडला, तर काय होईल? सगळी रांग एकदम विरुद्ध बाजूला फेकली जाईल. तसेच मेंदूचे होते. सारा मेंदू चेतवणारीच्या ताब्यात जातो. हातापायांना कंप, घाम, धडधड, आकडी, भ्रम ही सारी त्या एकाच ओढीची रूपे होत.

हे ज्ञान कसे हाती आले, त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. बार्बिटल हे बार्बिट्युरेट जातीचे पहिले झोपेचे औषध १९०३ साली जर्मनीत पुढे आले, आणि त्यानंतर अर्धशतकभर 'सवय लागते की नाही' यावर डॉक्टरांत वाद चालू होता. १९५० साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच माणसांना ही औषधे काही महिने मोठ्या मात्रेत देऊन एकदम बंद केली. बहुतेकांना आकडी आली, भ्रम झाला. वाद मिटला. १९६० साली क्लोरडायाझेपॉक्साइड हे नवे औषध बाजारात आले, त्याच्या मागोमाग १९६३ साली डायझेपाम, आणि ही जुन्यांहून निर्धोक असे सर्वांना वाटले. पण १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर यांनी त्यातल्या पहिल्या औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्या ११ रोग्यांची गोळी गुपचूप बदलून पिठाची गोळी दिली. दहांना त्रास झाला, दोघांना आकडी आली. असले प्रयोग माणसांवर करू द्यायला आज कोणी तयार होणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जे कळले ते विसरून चालणार नाही. तरी ते विसरले जाते खरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला या गोळ्यांच्या वेष्टनावर सवयीचा आणि एकाएकी बंद करण्याचा ठळक इशारा छापायला लावण्यास २०२० साल उजाडावे लागले.

आता ओळखावे कसे, ते पाहू. गोळी सुटल्यानंतर त्रास केव्हा सुरू होईल, हे गोळीच्या जातीवर अवलंबून असते. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांत एक-दोन दिवसांतच सुरुवात होते. डायझेपाम शरीरात रेंगाळते, त्यामुळे चार-पाच दिवस सारे ठीक वाटते आणि आठवड्यानंतरही आकडी येऊ शकते. "गोळी बंद करून आठ दिवस झाले, तिचा काय संबंध?" असा प्रश्न नातेवाईक विचारतात तो यामुळेच. संबंध असतो.

पहिली खूण झोपेची. डोळ्याला डोळा लागत नाही. मग अस्वस्थपणा, उगाच चिडचिड, हात पुढे धरले तर बोटांची थरथर, अंगाला दरदरून घाम, मळमळ, छातीत धडधड. उजेड सोसत नाही, भांडे पडले तरी दचकायला होते. अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटते. इथपर्यंत माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो, आणि म्हणूनच "होईल दोन दिवसांत बरं" म्हणून घरीच राहतो. यापुढची पायरी घातक. अचानक आकडी येते. किंवा माणूस वातात बडबडावे तसा असंबद्ध बोलू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला माणूस दारात उभा दिसतो, घरातल्यांना ओळखत नाही, अंगात ताप चढतो, नाडी जोरात पळते. या अवस्थेत घरी एक तासही काढू नये.

अफूच्या जातीच्या नशेशी याची गल्लत होते, म्हणून एक भेद सांगून ठेवतो. अफू, ब्राऊन शुगर सुटली की माणूस तळमळतो, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, जीव नकोसा होतो. पण धडधाकट माणूस त्याने सहसा मरत नाही. गुंगीची औषधे आणि दारू सुटल्याने मात्र जीव जाऊ शकतो. "चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल" हा गावठी इलाज म्हणूनच इथे अत्यंत धोक्याचा. मुलाच्या खिशात पाकीट सापडल्यावर बाप रागाने त्याला कोंडून घालतो, त्याचा राग समजू शकतो; पण कडी काढून आधी दवाखाना गाठला पाहिजे.

आणि बाहेरची बाधा! भिंतीवर किडे, दारात मेलेला काका, रात्रभर जागरण, हे ऐकल्यावर देवऋषीकडे पाय वळतात. मला कोणाच्या श्रद्धेवर बोलायचे नाही. एवढेच सांगतो, की ज्याच्या अंगात ताप आहे, हाताला कंप आहे आणि नाडी पळते आहे, त्याला प्रथम डॉक्टरने पाहिले पाहिजे. मग तो गोळी सुटल्याचा त्रास असो, मेंदूज्वर असो, डोक्यात गेलेला मलेरिया असो, की मधुमेह्याची साखर उतरलेली असो. यांतले काहीही थांबण्यासारखे नाही, आणि नुसते पाहून घरच्यांना त्यांतला फरक कळणार नाही. डॉक्टरलाही तपासून, रक्त बघूनच कळतो.

सगळ्यात अधिक फसवणूक होते ती म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. असे समजा, की सत्तरीच्या आजी अंगणात घसरून पडल्या, मांडीचे हाड मोडले, तालुक्याच्या गावी नेऊन शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस ठीक. तिसऱ्या रात्री आजी नळ्या ओढून काढतात, "मला माहेरी सोडा" म्हणून उठून बसतात, सुनेला चोर म्हणतात. सगळे म्हणतात, वय झालं, भूल चढली. आणि घरी उशीखाली डबीत पंधरा वर्षे रोज रात्री घेतलेल्या अर्ध्या गोळ्या तशाच पडलेल्या! त्या गोळीविषयी इस्पितळात कोणी विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही. आजींच्या लेखी ते औषधच नव्हते. रक्तदाबाची गोळी औषध, साखरेची गोळी औषध. ही तर नुसती 'झोपेची'. असा प्रसंग कोणत्याही गावात घडू शकतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला इस्पितळात नेताना उशीखालची डबीही बरोबर न्या.

आकडी आली तर काय करावे? माणसाला जमिनीवरच असू द्या, आजूबाजूची विळी, दगड, चूल दूर करा, डोक्याखाली पंचा किंवा गोधडीची घडी सरकवा. गळ्याशी घट्ट असलेले सैल करा. जमेल तितक्या लवकर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल, श्वासनळीत जाणार नाही. तोंडात चमचा घालू नका. दात तुटतात, श्वास अडकतो. कांदा, चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, तेवढा वेळ मात्र जातो. पाणी पाजू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळाकडे एक नजर टाका. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा एकीनंतर शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर ते मोठे संकट समजा. एरवीही गोळी सुटलेल्या माणसाला आलेली पहिली आकडी म्हणजे १०८ ला फोन करण्याची वेळ. थांबली म्हणून घरी ठेवायचे नाही, कारण तिच्यामागून दुसरी येण्याचा संभव असतो. त्रास कमी व्हावा म्हणून दारू पाजणारे महाभाग असतात. दारू आणि गोळी एकत्र झाली तर श्वासच मंदावतो. ते मुळीच करू नका.

रुग्णालयात गेल्यावर काय होते, हे नातेवाईकांना माहीत असलेले बरे, कारण तिथे एक गोष्ट पाहून माणसे गोंधळतात. डॉक्टर प्रथम श्वास, नाडी, अंगाचा ताप, बोटाच्या थेंबावर साखर पाहतात, प्राणवायू लावतात. आणि मग, ज्या औषधाच्या सवयीने हा सगळा प्रसंग आला, त्याच जातीचे औषध शिरेतून देतात! लोराझेपाम किंवा डायझेपाम. शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम दंडात किंवा मांडीच्या स्नायूत टोचतात. "अहो, हीच गोळी सोडवायला आणलंय ना याला?" असे बाप म्हणतो. पण रस्सीखेच आठवा. आधी दोराला पुन्हा गडी लावून रांग सावरायची, मग एकेक गडी हलक्या हाताने काढायचा. कंप आणि घाम उतरेपर्यंत मात्रा थोडी थोडी देत जातात, प्रत्येक वेळी श्वासावर नजर ठेवून. एवढ्याने भागले नाही तर फेनोबार्बिटोन असते, पण त्यासाठी श्वास सांभाळण्याची तयारी असलेला विभाग लागतो. दारूचाही इतिहास असेल तर थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, शिरेतून देतात. सलाइन, तापावर उपाय, शांत खोली, मंद उजेड, ओळखीचे एक माणूस उशाशी, हे सारे उपचाराचेच भाग आहेत.

आमच्या वैद्यकीय बंधूंसाठी, विशेषतः प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्रपाळी करणाऱ्यांसाठी, दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. फ्लुमाझेनिल हा या गोळ्यांचा उतारा आहे. पण रोज गोळी घेणाऱ्याला तो दिला तर सारे गडी एका क्षणात दोर सोडतात आणि आकडी ओढवते. तेव्हा सवयीच्या माणसाला तो टोचू नये. दुसरे, नेहमीच्या आकडीत वापरले जाणारे फेनिटॉइन इथे फारसे उपयोगी पडत नाही, आणि भ्रमासाठी नुसते हॅलोपेरिडॉल दिले तर आकडीची शक्यता उलट वाढते. ही पूरक औषधे गरजेप्रमाणे वापरायची असली, तरी मुख्य उपचार गाबाच्याच बाजूचा. लघवीच्या तपासणीवरही फार विसंबू नये. साध्या पट्टीच्या तपासणीत लोराझेपाम, क्लोनाझेपाम पुष्कळदा निसटतात, झोल्पिडेम आणि क्लोरल हायड्रेट तर तिला दिसतच नाहीत. पट्टी कोरी आली म्हणजे गोळी नव्हती, असे म्हणता येत नाही.

म्हणून सगळा भार येऊन पडतो सांगण्यावर. आणि आपली मंडळी सांगत नाहीत! गोळीची लाज वाटते, पोलिसांची भीती वाटते, सासरी कळेल म्हणून सून बोलत नाही, मास्तर बोलत नाहीत कारण ते मास्तर. गोळी मोठ्या मात्रेत घेतली असेल तर माणूस गुंगतो, श्वास मंदावतो. गोळी सुटली असेल तर तो जागा राहतो, थरथरतो. पहिल्याला झोप आणणारे औषध दिले तर जीव धोक्यात, दुसऱ्याला न दिले तर जीव धोक्यात. डॉक्टरच्या कानात सांगितलेले एक वाक्य दहा तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते ते याकरिता. डॉक्टर विचारतो तो उपचारासाठी. चोर पकडणे त्याचे काम नव्हे.

जीव वाचला, घरी आलात, पुढे काय? पुढचा रस्ता लांब आहे आणि तो डॉक्टरच्या सोबतीने चालायचा आहे. बहुधा लवकर उतरणारी गोळी बदलून डायझेपामसारखी सावकाश उतरणारी गोळी देतात आणि मग मात्रा हळूहळू कमी करतात. २०२५ साली अमेरिकेतल्या व्यसनोपचारतज्ज्ञांनी इतर संस्थांसह याचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत दर दोन ते चार आठवड्यांना पाच ते दहा टक्के कमी करावे, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कधीही कमी करू नये, असे आहे. म्हणजे वर्षे दोन वर्षेसुद्धा लागू शकतात. घाईची माणसे मध्येच कंटाळतात. शेवटच्या पाव गोळीशी पुष्कळांचे अडते, तेव्हा तिथे आणखी सावकाश जावे लागते. उन्हाळ्यात विहिरीत उतरताना जसा शेवटचा पायठा चाचपून पाय टाकतो, तसे. आणि एखाद्या टप्प्यावर त्रास फार वाढला तर तिथेच काही आठवडे थांबण्यात कमीपणा नाही.

काही म्हाताऱ्या माणसांना गोळी पूर्ण सुटणार नाही, निम्मी होईल. तेही कमी नाही. पडून हाडे मोडण्याचा धोका तेवढा घटतो. माझ्या मते गोळी सुरू करताना ती किती दिवसांसाठी आहे, हे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि रोग्याने विचारून घ्यावे. गार्डिनल घेणाऱ्या आकडीच्या रोग्यांना मात्र वेगळे सांगणे आहे. गाडी चुकली, जत्रेला गेलो, गोळ्या संपल्या, या कारणांनी ती कधीही बंद पडू देऊ नका. निदान दहा दिवसांचा साठा घरात ठेवा.

दुकानाविषयीही एक शब्द. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे कायद्याने एच-१ या यादीत आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवायची असते. हा नियम २०१४ सालापासून लागू आहे. गावच्या मेडिकलवाल्याला तो ठाऊक असतो. शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी "मला लागू पडली, तुम्हीही घेऊन बघा" म्हणून देणे ही मात्र आपल्याकडची मोठी खोड. त्या वहीत याची नोंद होत नाही.

गुरुजी आणि बाईंनी एवढे करावे. गावात कोणाची गोळी किंवा ताडी एकदम सुटली आहे आणि तो कापतो आहे, असे कळले, तर त्याला रुग्णवाहिकेत बसवण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून नातेवाईकाच्या हाती द्याव्या. कोणते औषध, शक्य तर रिकामे पाकीट टाचून. रोज किती. केव्हापासून. आणि शेवटचे केव्हा घेतले, दिवस आणि वेळ. पुढे सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी देशभर चालणारा क्रमांक १४४४६ आहे, मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. दोन्हींवर फुकट बोलता येते. पण समोर आकडी चालू असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी १०८ लावा.